सिद्धेश्वराच्या कुंडातले मासे

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज पलूसहून कुरिअरवाला आला. आलेल्या वस्तू अशा: काळी फायबरची काठी एक, दोन तुकड्यांत. रीळ एक. तंगूस दोऱ्याची गुंडी एक. गळांची डबी एक, लहानमोठे मिळून वीस. लाल-पांढरी बुचं तीन. काठी चौदाशे नव्व्याण्णव, रीळ साडेआठशे, बाकी किरकोळ पाचशे दहा, एकूण अठ्ठावीसशे एकोणसाठ. पाठवणावळ फुकट म्हणे, पण ती कुठंतरी धरलेली असणारच. एवढ्यात गोडेतेल संक्रांतीपर्यंत आलं असतं.

जयराजनं वर डोंगरात जायच्या आधी मागवून ठेवलं होतं. शेवटच्या फोनात म्हणाला, "आई, आबांना कसला तरी नाद लागू दे. रागावू नको." आता तो बर्फातल्या चौकीवर. मार्च संपेपर्यंत फोन लागायचा नाही. टपाल तेवढं येतं-जातं, तेही आभाळ मोकळं असलं तर.

हे पलटणीतून रिटायर होऊन दीड वर्ष झालं. शेत वाट्यानं दिलेलं. सकाळी बाजेवर बसतात ते जेवायला हाक मारेपर्यंत. विचारावं तर 'व्हय', नाहीतर 'न्हाई'. दारू नाही, तंबाखू नाही, भांडणही नाही. भांडले असते तर बरं, असंही मला वाटून गेलंय.

माझ्या गळ्यात माळ. घरात अंडंसुद्धा येत नाही. त्या घरी लेकानं बापाला गळ पाठवावा. पण ह्यांनी काठी जोडली, अंगणात उभं राहून दोनदा हवेत फिरवली, आणि तोंडावर काहीतरी आलं. हसूच असावं. म्हणून गप्प बसले.

सोमवार, म्हणून कुंडावर जाऊन आले. आमच्याकडं ज्या घरचा पोरगा पलटणीत, त्या घरच्या बाईनं सोमवारी सिद्धेश्वराच्या कुंडातल्या माशांना त्याच्या नावानं चुरमुरे घालायचे. नाव घेऊन मूठ टाकायची. मासे वर आले की पोरगा सुखरूप. सासूबाई ह्यांच्या नावानं घालायच्या, मग मी घातले, आता जयराजच्या नावानं घालते. आज नाव घेतलं न घेतलं तोच पाणी उकळल्यासारखं झालं. सिद्धेश्वरा, असंच ठेव.

१९ ऑक्टोबर, शनिवार

हे रोज नदीवर जातात. गांडुळं लावून चार चिलापी मिळाल्या, त्या शेजारच्या सुलाबाईला दिल्या. पण ह्यांना मरळ पाहिजे. म्हणाले, "मरळ मेल्याला तोंड लावत न्हाई. तिला म्होरं हालतं-बोलतं लागतं. तेजपूरला असताना आमी बारकं मासं जित्तं लावायचो." लग्नाला तीस वर्षं झाली, ह्यांच्या तोंडून एका दमात इतकी वाक्यं मी कधी ऐकली नव्हती.

मग जुनं पातळ मागितलं. फाटकं द्यायला माझी हरकत नव्हती, पण पातळ धरायला दोन माणसं लागतात. उतारावर गुडघाभर पाण्यात एक टोक ह्यांच्या हाती, एक माझ्या. पातळ पाण्यात बुडवायचं, थांबायचं, हळूच वर घ्यायचं. बोटाएवढे मासे चांदीच्या खिळ्यांसारखे उड्या मारतात. मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, मी धरू लागेन, गळाला लावणार नाही. धरणं आणि मारणं यात फरक आहे. हे म्हणाले, "व्हय मॅडम." पलटणीतली चेष्टा.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सगळे मेले. मी बादलीत नळाचं ताजं पाणी भरून ठेवलं होतं, चांगलं म्हणून. हे म्हणाले, "नळाला पावडर आसती. त्यानं घुसमटत्यात." आता हे कुंडातून बादली भरून आणतात. झऱ्याचं पाणी, त्यात जगतात. नदी लांब पडते, कुंड दारात.

२६ ऑक्टोबर, शनिवार

परवा पुन्हा पातळ लावलं. परतीचा पाऊस झाल्यानं पाणी गढूळ, पण मिळाले. न्हाणीजवळ बादलीत ठेवलेत. पाणी बदलायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. मीही नाही म्हटलं नाही, हे बदलतात तेव्हा निम्मं पाणी अंगणात.

गुरुवारी मोजले तेव्हा सोळा होते. काल बारा, आज नऊ. मांजराचं काम. बादलीवर ताट ठेवते, वर पाटा ठेवते, तरी कशी नेते कोण जाणे.

त्यांत एक वेगळा आहे. बोटापेक्षा लांब, अंगठ्याएवढा जाड, अंगावर नारिंगी पट्टा. दिसायला देखणा. बाकीचे एका बाजूला गर्दी करून असतात, हा आपला एकटा तळाशी. घडीघडीनं वर येऊन तोंड उघडतो, हवा घेतो, पुन्हा खाली जातो. जीव जातोय त्याचा असं वाटतं. भाकरीचा चुरा टाकला, बाकीच्यांनी खाल्ला, ह्यानं ढुंकून पाहिलं नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

एकादशी, वसुबारस आणि सोमवार एकत्र. गाय-वासराची पूजा सुलाबाईच्या गोठ्यात केली.

सकाळी बादलीत सहाच राहिले. पट्टेवाला वर येऊन तोंड वासत होता. तीन दिवस अन्नाला शिवलेला नाही. एकादशीच्या दिवशी उपाशी जीव हवेसाठी धडपडतोय आणि उद्या ह्याला गळ लागणार, हे मला बघवेना. तांब्यात घेतला आणि कुंडावर गेले. जयराजच्या नावानं सोडला. एकदा वळला आणि पायरीच्या सांदीत गेला. मन इतकं हलकं झालं की काय सांगू. चुरमुरे टाकले, सगळे वर आले.

दुपारी ह्यांनी बादलीत बघून विचारलं, "पट्ट्याचा कुटं गेला? त्यो मी मुद्दाम ठिवला हुता." मी म्हणाले, "सोडला पाण्यात. एकादशी आहे." हे म्हणाले, "बरं केलंस. त्यो गळाचा न्हवंच." म्हणजे ह्यांच्याही मनात दया होती. कुठल्या पाण्यात, ते ह्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुण्य सांगत फिरू नये.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

त्या दिवसापासून मांजराची चोरीही थांबली.

१८ नोव्हेंबर, सोमवार

ह्यांना मरळ मिळाली. दीड किलोची. गावात चार ठिकाणी थांबून दाखवून घरी आले. परड्यात तीन दगड मांडून स्वतः कालवण केलं, भांडं स्वतः घासलं, आणि अंघोळ करून घरात आले. रात्री जेवताना मी दूध-भाकरी, हे त्यांचं, पण बोलणं एकत्र. तेजपूरची नदी, तिथला कॅप्टन, बेडूक लावायची पद्धत. बेडकाचं ऐकून माझी भाकरी तशीच राहिली.

मला हे अवघड आहे. रोज माझ्या न्हाणीजवळ जीव गळाची वाट बघत असतात, आणि ते जगावेत म्हणून मीच पाणी बदलते. केरबा गुरवांना विचारलं, हे पाप कुणाचं? ते म्हणाले, "वयनी, दादासो बाजंवर बसून भितीकडं बगत हुता, तवा तुमी देवाला काय मागितलं हुतं? मग आता गप ऱ्हावा."

१६ डिसेंबर, सोमवार

चुरमुरे टाकले. वर आले, पण थोडे. दोनदा नाव घ्यावं लागलं. केरबा म्हणाले, थंडीनं खाली बसत्यात. खरं असेल. जयराजकडं तर केवढी थंडी असेल. त्याचं पत्र नाही.

६ जानेवारी, सोमवार

आज मोजून सात आले. बाकीचे दिसत नाहीत.

परत येताना सुलाबाई दारात. म्हणाली, "आगं विजयमाला, तुझ्या दादल्याला चांगला नाद लागला म्हणायचा. रोज सकाळी बादली घिऊन कुंडावर दिसत्यात."

"पाणी नेतात. नळाचं पाणी माशांना चालत नाही."

"व्हय गं, पानीच नेत आसत्याल. बादलीत काय आलं ते कुनी बगायला गेलंय?" आणि वर हसली. आमच्या चिलापी खाल्लेलं तोंड ते.

२० जानेवारी, सोमवार

चार. कडेला आले, चुरमुरा तोंडात धरला आणि लगेच खाली पळाले. आपल्याच घरात चोरासारखे.

संध्याकाळी देवस्थानचे नानासो आले. चहा घेतला नाही, म्हणजे समजलंच. म्हणाले, "दादासो, महाशिवरात्रीला जत्रा हाय. कुंडात मासं न्हाईत. मान्सं बोलायल्यात. तुमी जित्तं आमिष लावता, आन् रोज कुंडावर बादली घिऊन जाता."

हे म्हणाले, "मी माजं आमिष नदीतनं धरतो."

"मग देवापुढं हात ठिवून तेवढं म्हना. म्हंजी मान्सांची तोंडं बंद."

"नानासो, मी शपथ एकदाच घेतली, भरती झालो तवा. ती पाळली. आता कोन म्हनंल तवा घ्यायला शपथ म्हंजी काय दुकानातला चहा हाय व्हय?"

नानासो उठून गेले. जाताना पायरीवरून म्हणाले, जत्रेपर्यंत ह्यांनी देवळात येऊ नये, बरं दिसत नाही.

मी म्हणाले, घेतली असती शपथ तर काय झालं असतं? हे बाजेवर बसले, भिंतीकडं तोंड करून.

२७ जानेवारी, सोमवार

दोन मासे. एकानं तर तोंडही लावलं नाही.

मी आज ह्यांना सरळ विचारलं. एवढ्या वर्षांत असं विचारलं नव्हतं. "नदीवर पातळ धरायला मी नसते तेव्हा तुम्ही आमिष आणता कुठून?" हे म्हणाले, "तू बी?" एवढंच. मग काठीचे दोन तुकडे वेगळे केले, गोणपाटात गुंडाळले, माळ्यावर टाकले. बादली पालथी घातली.

हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. ज्याच्या मनात काही नाही त्यानं शपथ का टाळावी? सासूबाईंनी ह्यांच्याच नावानं ज्या माशांना चारलं, तेच ह्यांनी गळाला लावले असतील तर? आणि ज्यांच्यावरून माझ्या लेकराचं बरंवाईट बघायचं, ते मासेच संपले तर मी काय बघायचं?

दुपारी जयराजला पत्र लिहिलं. मनात होतं ते सगळं लिहिलं. तुझ्या काठीनं घराची अब्रू गेली, तुझे आबा देवाचे मासे चोरतात असं माझ्या मनात येतं, तू समजाव. टपालपेटीत टाकलं आणि लगेच हात आत घालून बघितला. पेटीचं तोंड लहान असतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

एकही आला नाही. चुरमुरे पाण्यावर पसरले, फुगले, बुडाले. नाव चार वेळा घेतलं.

हे पंधरा दिवस नदीवर गेलेले नाहीत. बादली पालथी आहे. मासे तरी कमीच होतायत. मग हे चोरत होते तर आता कोण नेतंय? हा हिशेब माझ्या आज लक्षात आला, आधी यायला हवा होता.

ह्यांना हे सांगायचं धाडस झालं नाही. ताटात तूप जास्त वाढलं. तूप बाजूला सारून जेवले.

जयराजचं पत्र नाही. सोळा सोमवार करीन म्हटलंय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

केरबा सकाळीच घरी आले. दारातूनच ह्यांना म्हणाले, "दादासो, चल गड्या. कुंडात कायतरी हाय. पानी आतनं फुगतंय, बुडबुडा येतोय, आन् परत गप. माज्या नजरंला नागच आला."

हे म्हणाले, "मला देवळात बंदी हाय."

"देवळात हाय. कुंड देवळाच्या भायेर हाय. चल."

हे गेले आणि दिवसभर कुंडाच्या पायरीवर बसून राहिले. मी भाकरी घेऊन गेले तर बोट ओठावर ठेवलं. थोड्या वेळानं मधोमध एक काळं तोंड वर आलं, हवा घेतली, गेलं. हे हळूच म्हणाले, "मरळ. सगळं हिनं खाल्लंय."

मी ह्यांच्या शेजारी पायरीवर बसले. ह्यांनी नव्हते खाल्ले. गळाला लावले नव्हते. म्हणाले होते नदीतनं, म्हणजे नदीतनंच. मी मांडीवरच्या ह्यांच्या हातावर हात ठेवला. देवळाच्या आवारात असं करू नये, पण ठेवला. हे म्हणाले, "हालू नगंस. मरळ बुजती." हात मात्र काढला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नानासोंना कळवलं. ते म्हणाले, मोटर लावून कुंड उपसू. केरबा म्हणाले, झरा जिवंत आहे, आठ दिवस उपसलं तरी तळ दिसणार नाही, आणि मरळ चिखलात शिरून बसेल. जाळं टाकून बघितलं, कपारीत गेली. ह्यांनी सांगितलं, एकच उपाय. जिवंत आमिष.

प्रश्न एकच राहिला, ती आली कुठून. चहा पिताना हे अचानक म्हणाले, "दिवाळीत तू त्यो पट्ट्याचा सोडलास म्हनलीस. नदीत सोडलास न्हवं?"

मी म्हणाले, "नदीत कशाला? तिथं मोठे खातात. कुंडात सोडला, जयराजच्या नावानं."

ह्यांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडं बघत राहिले. मग टॉवेल तोंडाला लावला आणि खांदे हलायला लागले. मी घाबरले. म्हटलं, "आवं, काय झालं?"

"काय न्हाई. ठसका लागला." डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चहात आलं जास्त पडलं होतं खरं.

संध्याकाळी नानासो आणि चार माणसं दारात असताना हे म्हणाले, "मरळ परतीच्या पावसात आली. ओल्या गवतातनं ती सरपटत जाती, एका पान्यातनं दुसऱ्या पान्यात. तेजपूरला मी डोळ्यानं बगितलंय." केरबांनीही मान डोलावली, त्यांनीही म्हणे पाहिलंय. मला हे माहीत नव्हतं. मासा चालतो. ईश्वराची करणी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज झालं. पहिल्यापासून लिहिते.

देवाच्या कुंडात गळ टाकायचा म्हणजे देवाला विचारायला हवं. केरबांनी सकाळी कौल लावला. पिंडीवर दोन बाजूंना बेलाची पानं चिकटवली. गावातली वीस-पंचवीस माणसं श्वास धरून उभी. उजवं पान पडलं, म्हणजे देवाचा होकार.

आमिष आम्ही दोघांनी काल नदीवर धरलं होतं, त्याच पातळानं. तांब्यातून मीच नेलं. हे काठी जोडत होते. म्हणाले, "तू माळकरी. तू नगं म्हनलीस तर आत्ता गुंडाळतो. नानासोला सांगंन जमत न्हाई म्हनून."

मी तांब्यात बघितलं. पाच होते. एकाही माशानं काही केलेलं नव्हतं. एकादशीला ज्या दयेनं मी एक जीव सोडला होता, त्याच हातानं आज एक जीव द्यायचा होता. मी म्हणाले, "लावा. पाप माझ्या नावावर मांडा."

हे म्हणाले, "अर्दं माज्या नावावर लिव. संसार एक हाय."

ह्यांनी हात ओला करून मासा उचलला. पाठीच्या काट्याखाली, नुसत्या कातडीतून गळ घातला. तसं लावलं की मासा मरत नाही, पोहत राहतो. मी तोंड फिरवणार होते, पण फिरवलं नाही. आपण जे मागितलं ते बघायला हवं. मी त्या माशाला मनात म्हणाले, बाबा, तुझं काम मोठं आहे.

बूच पाण्यावर टेकलं. मासा खाली गोल फिरतोय हे बुचाच्या हलण्यावरून कळत होतं. बराच वेळ काही नाही. नानासोंच्या मागं कुणीतरी खोकलं तर सुलाबाईनंच त्याला गप्प केलं. मग बूच थरथरलं. आमिष पळायला लागलं होतं. हे कुजबुजले, "बगितलं तिनं." आणि बूच गेलं. तरंगसुद्धा राहिला नाही.

ह्यांनी ओढलं नाही. मी म्हणणार होते, ओढा की. हे दोरा सोडतच राहिले. आधी ती नुसतं तोंडात धरते, मग गिळते, असं नंतर सांगितलं. मग एकदम काठी वर गेली आणि धनुष्यासारखी वाकली. पायरीवर आली तेव्हा पाण्याचे फटकारे नानासोंच्या धोतरापर्यंत. कोपरापासून मनगटापर्यंत लांब, काळपट, डोकं सापासारखं. असलं ध्यान सिद्धेश्वराच्या पायाशी राहत होतं.

ह्यांनी गळ काढून ती बादलीत टाकली. नानासो म्हणाले, "दादासो, झ्याक कालवण हुईल. आमालाबी बोलवा." सगळे हसले. हे म्हणाले, "हिला मारायची न्हाई. नावानं सोडलेला जीव हाय." कुणाच्या नावानं ते काही बोलले नाहीत. सिद्धेश्वराच्याच, दुसऱ्या कुणाच्या असणार? दोघं मिळून नदीवर नेली, उतारावर सोडली. शेपटी मारून गेली, माझं पातळ भिजवून.

माझा पट्टेवाला कुंडात कुठं दिसतो का म्हणून पुष्कळ वाकून पाहिलं. दिसला नाही. त्यालाही ह्या राक्षसिणीनं खाल्लं असणार. वाईट वाटलं. ह्यांना बोलून दाखवलं तर पुन्हा ठसका लागला. ह्यांना एकदा पलूसला डॉक्टरांना दाखवायला हवं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चुरमुरे टाकले. जयराजचं नाव घेतलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा कपारीतून एक आला. मग त्याच्या मागून दुसरा. मग सहा झाले. एवढे दिवस आत लपून होते बिचारे. सहाच, पण निवांत खाल्लं, पळाले नाहीत.

घरी आले तर पोस्टमन दारात. जयराजचं पत्र, जानेवारीच्या सुरुवातीचं. सुखरूप आहे. पायाला थंडीनं फोड आले होते, आता बरे आहेत. आबांनी मरळ धरली का विचारलंय. मी पत्र घेऊन देवघरात बसले आणि बराच वेळ उठले नाही. हे दोनदा डोकावून गेले, तिसऱ्यांदा स्वतः चहा करून आणला. चहा कसला, साखरेचं पाणी. पण प्यायले.

जानेवारीच्या सुरुवातीचं. म्हणजे माझं पत्र त्याला तेव्हा मिळालेलं नव्हतं. तेवढं एक मनात राहिलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. नानासो सकाळी स्वतः बोलवायला आले. ह्यांना म्हणाले, "दादासो, चूक झाली." हे म्हणाले, "तुमी आदी चहा घ्या." घेतला, दोन कप. आरतीचं ताट ह्यांच्या हाती दिलं. कुंडात नवे मासे सोडायचं काम देवस्थाननं ह्यांच्याकडं सोपवलंय. नदीतून पातळानं धरून आणायचे, पण मरळीचं पिल्लू एकही येता कामा नये, निवडून घ्यायचं. ओळख कशी पटवायची असं मी विचारलं तर हे म्हणाले, "निवडायचं काम माजं. तू फकस्त पातळ धर."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जयराजला पत्र. टपालात टाकायच्या आधी इथं उतरवून ठेवते.

चि. जयराजास, आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. फोडांना खोबरेल तेल लावत जा, इथून पाठवलं असतं पण वाटेत सांडेल. इकडे सर्व क्षेम. आबांनी सिद्धेश्वराच्या कुंडातून मरळ काढली, सगळा गाव बघायला होता. ती पावसात गवतातून चालत आली होती. तुझी काठी फार उपयोगी पडली. महाग होती असं मी म्हटलं असेन तर ते मनावर घेऊ नको. आबा हल्ली बोलतात. इतके बोलतात की कधी कधी मी म्हणते, आता पुरे. मासे तुझ्या नावाला वर येतात. मी बघते.

आता मुख्य गोष्ट. जानेवारीच्या शेवटी मी तुला एक पत्र टाकलंय. निळ्या शाईतलं, पाठपोट. ते वाटेत असेल किंवा आलंही असेल. त्यात तुझ्या आबांविषयी जे लिहिलंय ते खोटं आहे. लिहिताना मला खरं वाटत होतं, म्हणून जास्तच वाईट. न फोडता जाळून टाक. तिथं शेकोटी असेलच. फोडून वाचलं असशील, तर आबांना कधी कळू देऊ नकोस, आणि त्यांच्याविषयी मनात काही ठेवू नकोस. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. नुसतं "तू बी?" एवढं म्हणाले. ते मला रोज ऐकू येतं.

वाचलंस की नाही वाचलंस, ते खरं खरं सांग. रागावणार नाही. फक्त माझ्या जीवाला घोर आहे. पत्र फार लांब लिहायला नको, एक ओळ चालेल. पण उलट टपाली कळव.